वाचलं, पण उमगलं का?

मंडळी, आज मला वाचनाविषयी बोलायचे आहे. वाचन म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे कपाटे भरलेले ग्रंथालय उभे राहते, थोरामोठ्यांचे चरित्रग्रंथ उभे राहतात. माझा विषय त्या मानाने फार लहान आहे. तिसरी-चौथीच्या वर्गात बसलेल्या मुलाला समोरचा दहा ओळींचा उतारा समजतो की नाही, आणि समजत नसेल तर इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या साहित्याचा त्या कामी गुरुजींना आणि बाईंना काय उपयोग करून घेता येईल, एवढेच मला सांगायचे आहे.

आधी एक गंमत करू. मी एक वाक्य सांगतो, ते नीट ऐका. "काल सांजवेळी एका धुमक्या झिरटाने तीन लोगट्या चिमसावल्या." ऐकलंत? आता माझ्या प्रश्नांची उत्तरे द्या. लोगट्या कोणी चिमसावल्या? धुमक्या झिरटाने. किती चिमसावल्या? तीन. केव्हा? काल सांजवेळी. झाले! तीनही उत्तरे बरोबर, पैकीच्या पैकी गुण. आता मला सांगा, झिरट म्हणजे पाखरू, जनावर की घरी आलेला पाहुणा? लोगटी ही खायची वस्तू की अंगावर घालायची? तुम्हाला सांगता येणार नाही, कारण हे शब्द मीच बसल्या बैठकीला बनवले आहेत. त्यांना काही अर्थच नाही. तरीसुद्धा तुम्ही परीक्षेत उत्तीर्ण झालात.

आमच्या पुष्कळ मुलांचे नेमके हेच चालले आहे. उताऱ्याखाली प्रश्न असतो. प्रश्नातला एखादा शब्द मूल वर उताऱ्यात शोधून काढते, त्या शब्दाच्या शेजारचे वाक्य उतरवून घेते, गुरुजी त्यावर बरोबरची खूण करतात आणि पान उलटते. मूल खडाखडा वाचते, अक्षर चांगले, उत्तरे बरोबर. घरचे खूश, शाळा खूश. आणि उतारा मात्र मुलाच्या डोक्यावरून गेलेला असतो.

तुम्ही म्हणाल, एवढ्या तेवढ्यावरून काय बिघडते? मोठेपणी होईल शहाणा. तर मंडळी, काय बिघडते ते शेतकऱ्याच्या घरी चटकन दिसते. फवारणीच्या औषधाची बाटली घरात येते. तिच्यावर एक चौकट असते आणि तिच्या खालच्या अर्ध्या भागात रंग असतो. तांबडा म्हणजे अति जहाल, पिवळा म्हणजे जहाल, निळा मध्यम आणि हिरवा त्या मानाने सौम्य. सोबतच्या कागदावर औषध किती पाण्यात किती घालायचे, वाऱ्याच्या कोणत्या बाजूला उभे राहायचे, फवारल्यावर किती दिवस माल काढायचा नाही, विषबाधा झाली तर काय करायचे, हे बारीक अक्षरांत छापलेले असते. बाप म्हणतो, "बाळ्या, वाच रे काय लिहिलंय." बाळ्या एक शब्द न अडखळता सगळा कागद वाचून दाखवतो. बाप विचारतो, "मग पंपाला किती टाकू?" बाळ्या गप्प. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात दाखल झाले. त्याला कारणे अनेक होती, आणि न समजता वाचणे हेच एक कारण होते असे मी मुळीच म्हणत नाही. पण कागद वाचून त्यातले मर्म सांगणारे एक माणूस प्रत्येक घरात असावे, असे वाटायला तेवढी गोष्ट पुरे आहे. बँकेची नोटीस, पीकविम्याचा अर्ज, दवाखान्यातली चिठ्ठी, सातबाऱ्यावरची नोंद, सगळीकडे हेच.

आता शिक्षक बंधुभगिनींसाठी थोडे शास्त्राचे बोलतो. कंटाळू नका, थोडक्यात सांगतो. २००५ सालापासून 'असर' नावाची पाहणी खेडोपाडी होत आली आहे. पाहणी करणारे घरी जाऊन मुलापुढे एक कागद ठेवतात. त्यावर अक्षरे, सुटे शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट असते. २०२२ सालच्या पाहणीत भारताच्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या मुलांपैकी ४२.८ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचता आली. म्हणजे निम्म्याहून अधिकांना ती आली नाही. आणि एक गोष्ट ध्यानात घ्या. ही चाचणी मुख्यतः मोठ्याने वाचता येते का, एवढेच पाहते. वाचलेले समजले का, हा पुढचा प्रश्न झाला.

१९८६ साली गफ आणि टनमर या दोन अभ्यासकांनी वाचनाचा एक सोपा हिशेब मांडला. ते म्हणाले, अक्षर ओळखून शब्द उच्चारता येणे ही एक गोष्ट आणि ऐकलेली भाषा समजणे ही दुसरी. वाचून समजणे म्हणजे या दोहोंचा गुणाकार. बेरीज नव्हे, गुणाकार! बेरजेत एक बाजू शून्य असली तरी दुसरीचे काही हाती उरते. गुणाकारात एक बाजू शून्य झाली की सगळेच शून्य. ज्याला अक्षर येत नाही त्याला भाषा कितीही येवो, कागद मुकाच. आणि ज्याला अक्षर येते पण त्या भाषेतले शब्द परके आहेत, त्यालाही कागद मुकाच. आमच्या शाळांत पहिल्या बाजूवर खूप घाम गाळला जातो. दुसरीकडे कोणी पाहत नाही.

याहून झोंबणारी गोष्ट अमेरिकेतली आहे. डोलोरेस डर्किन नावाच्या विदुषी तिसरी ते सहावीच्या वर्गांत मागच्या बाकावर बसून घड्याळ लावून पाहत होत्या, की वाचलेले समजावे कसे हे शिक्षक किती वेळ शिकवतात. १९७८-७९ च्या सुमारास त्यांनी आपला लेख छापला. चार हजारांहून अधिक मिनिटे त्यांनी वाचनाचे तास पाहिले, आणि त्यांत समजून घेण्याचे प्रत्यक्ष शिकवणे भरले अवघे वीस मिनिटांचे! बाकी वेळ शिक्षक काय करत होते? प्रश्न विचारत होते, उत्तरे तपासत होते, कागद वाटत होते. म्हणजे परीक्षा घेत होते. ताप मोजला म्हणजे ताप उतरत नाही, हे आपल्याला दवाखान्यात कळते, वर्गात मात्र कळत नाही.

हे मी आधी सांगितले ते मुद्दाम. कारण इंटरनेटवर फुकट मिळणारे उतारे आणि त्यांखालचे प्रश्न ही थर्मामीटरची पेटी आहे. ती फुकट मिळाली म्हणून दिवसभर मुलांच्या तोंडात थर्मामीटर धरून बसलो तर उपयोग काय? साहित्य चांगले आहे, पुष्कळ आहे, पण त्याचे काय करायचे ते शिक्षकालाच ठरवावे लागते.

तर कोठे काय मिळते ते सांगतो. सर्वांत आधी नाव घ्यायचे ते 'स्टोरीवीव्हर'चे. 'प्रथम बुक्स' या संस्थेने २०१५ साली हे संकेतस्थळ सुरू केले. येथे लहान मुलांची सचित्र गोष्टींची पुस्तके अनेक भाषांत आहेत, मराठीत आहेत, कोंकणीतही आहेत. गोष्टी चार पायऱ्यांत लावल्या आहेत. पहिल्या पायरीची गोष्ट अडीचशे शब्दांच्या आतली, पुढे वाढत वाढत चौथी पायरी दीड हजार शब्दांच्या वरची. एकशिक्षकी किंवा द्विशिक्षकी शाळेत, जेथे पहिली ते चौथी एकाच खोलीत बसते, तेथे या पायऱ्या फार उपयोगी पडतात. एका बाजूला पहिली-दुसरीला लहान गोष्ट, दुसऱ्या बाजूला चौथीला मोठी. आणि या पुस्तकांचा परवानाच असा आहे, की मूळ लेखक-चित्रकारांचे नाव देऊन तुम्ही ती छापू शकता, वाटू शकता, आपल्या बोलीत उतरवू शकता, कठीण शब्द बदलूसुद्धा शकता. ही सवलत सगळीकडे नसते, म्हणून तिचा उल्लेख करतो.

दुसरे घरचेच आहे, बालभारती. पाठ्यपुस्तके पीडीएफ रूपात त्यांच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. तुम्ही म्हणाल, पुस्तके तर मुलांच्या दप्तरात आहेतच. खरे आहे. पण चौथीतल्या ज्या मुलाला चौथीचा पाठ झेपत नाही, त्याला दुसरीच्या पुस्तकातला पाठ द्यायचा असेल, तर दुसरीचे पुस्तक शाळेत शिल्लक असेलच असे नाही. तेथे ही पीडीएफ कामी येते. त्याच मुलाला चारचौघांत दुसरीचे पुस्तक हाती दिले तर तो लाजतो. सुटे पान दिले तर लाजत नाही. बालभारतीचेच 'किशोर' मासिक १९७१ साली निघाले. त्याचे जुने अंकही इंटरनेटवर वाचायला ठेवले आहेत. मराठीतल्या मोठमोठ्या लेखकांनी मुलांसाठी लिहिलेले त्यात आहे. पाचवीच्या पुढच्या वर्गांना मी तरी आधी 'किशोर' दाखवीन.

माहितीपर उताऱ्यांची आपल्याकडे नेहमी वाण असते. गोष्टी पुष्कळ, पण मधमाशी कशी राहते, वीज कशी पडते, ज्वारीला पाणी किती लागते, यांवर मुलांनी वाचावे असे थोडे. यासाठी मराठी विश्वकोश आहे. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली हे काम उभे राहिले, पहिला खंड १९७६ साली आला, आणि आता सगळा विश्वकोश इंटरनेटवर फुकट वाचता येतो. त्याची भाषा मुलांना जड आहे, हे कबूल. तेव्हा तो मुलांनी वाचायचा नाही, गुरुजींनी वाचायचा. त्यातली माहिती घेऊन आपल्या भाषेत दहा ओळी लिहून काढायच्या. अर्धा तास जातो. पण त्या दहा ओळी आपल्या गावच्या मुलांसाठी लिहिलेल्या असतात, आणि दरसाल कामाला येतात.

साने गुरुजी १९५० साली गेले. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याचे लेखन सर्वांचे होते. म्हणून २०११ पासून त्यांचे साहित्य प्रताधिकारमुक्त आहे, आणि मराठी विकिस्रोतावर अशा जुन्या लेखकांची पुस्तके वाचायला मिळतात. बाकी साहित्याचे म्हणाल, तर १९५७ च्या कायद्यात शिक्षकाला शिकवण्याच्या ओघात उतारा काढून मुलांना देण्याची मुभा आहे. वर्गात वाटणे वेगळे, आणि तोच उतारा आपल्या नावाने चारी दिशांना पाठवत सुटणे वेगळे. हा भेद समंजस माणसाला कायदा न वाचताही कळतो.

'दीक्षा'चा उल्लेख केला नाही तर तुम्ही मला विचाराल. पाठ्यपुस्तकांत तो काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन असतो ना, क्यूआर कोड म्हणतात तो, त्यावर मोबाईल धरला की 'दीक्षा'वरचे साहित्य उघडते. २०१७ पासून हे चालू आहे. त्यात चांगले पुष्कळ आहे. मात्र त्यात चलच्चित्रांचा भरणा मोठा. चित्र पाहून मुलांना विषय कळतो हे खरे, परंतु चित्र पाहणे म्हणजे वाचणे नव्हे. वाचनाच्या तासाला आधी दोन मिनिटे चित्र दाखवावे, मग मोबाईल खिशात ठेवावा आणि उतारा हाती द्यावा.

इंग्रजी शिकवणाऱ्यांसाठी 'रीडवर्क्स' आणि 'कॉमनलिट' ही अमेरिकेतली दोन संकेतस्थळे आहेत. दोन्ही शिक्षकांना फुकट. इयत्तेप्रमाणे लावलेले शेकडो उतारे, खाली प्रश्न, कठीण शब्दांचे अर्थ, सगळे तयार. सेमी-इंग्रजीच्या वर्गांना त्यांचा उपयोग होतो. पण येथे एक खड्डा आहे, तो सांगितलाच पाहिजे.

१९८८ साली रेक्ट आणि लेस्ली या दोघींनी अमेरिकेतल्या सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या सामन्याचे वर्णन वाचायला दिले. काही मुले वाचनात हुशार, काही कच्ची; काहींना बेसबॉल चांगला ठाऊक, काहींना नाही. वाचून झाल्यावर मुलांना तो प्रसंग पटावर बाहुल्या हलवून दाखवायला सांगितला. काय दिसले? वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुले ही वाचनात हुशार पण खेळ न जाणणाऱ्या मुलांच्या कितीतरी पुढे गेली. म्हणजे समजणे हे निव्वळ डोळ्यांचे काम नाही. डोक्यात आधी काय साठले आहे, त्यावरही ते अवलंबून आहे. आपल्या कोल्हापूरच्या पोराला कुस्तीच्या फडाचे वर्णन द्या, तो शब्दाशब्दाला डोलेल. त्यालाच बेसबॉलचा उतारा दिला आणि उत्तरे चुकली, तर त्याची इंग्रजी कच्ची आहे असा निकाल लगेच देऊ नका. कदाचित त्याला तो खेळच ठाऊक नसेल. परदेशी उतारा घेताना आधी तो आपण वाचावा, आणि मुलांना जे ठाऊक नसणार ते पाच मिनिटे गप्पा मारून सांगून टाकावे. ते सांगण्यासारखे नसेल तर उतारा सोडून द्यावा. फुकट मिळतो म्हणून वाढलाच पाहिजे असे थोडेच आहे!

आता प्रत्यक्ष वर्गात काय करायचे ते पाहू. मी चार ओळींचा एक उतारा बनवला आहे.

"सखू विहिरीवरून रिकामी घागर घेऊन परत आली. आईने तिला काही विचारले नाही. तिने कोपऱ्यातली दुसरी घागर उचलली. ऊन चढायच्या आत दोघी पाटलांच्या मळ्याच्या वाटेला लागल्या."

यावर तयार प्रश्न कसे असतात? विहिरीवरून कोण परत आले? घागर कशी होती? दोघी कोणत्या वाटेला लागल्या? हे झिरटाचेच प्रश्न झाले. बोट ठेवून उत्तर सापडते. ते अजिबात विचारू नयेत असे नाही. नवख्या मुलाला धीर यावा म्हणून एखादा विचारावा. पण तेथे थांबू नये. विचारा, घागर रिकामी का? उताऱ्यात कोठेही लिहिलेले नाही. मुले वर पाहतात, खाली पाहतात. मग एखादी मुलगी हळूच म्हणते, "बाई, विहीर आटली असंल." येथे खरे शिकवणे सुरू होते. बाईंनी लगेच "शाबास" म्हणून पुढे जाऊ नये. विचारावे, "कशावरून गं?" आता तिला उताऱ्यात परत जावे लागते. आई काही बोलली नाही, म्हणजे तिला ठाऊकच होते. दुसरी घागर घेतली, म्हणजे लांब जायचे तर दोन भरून आणू. मळ्याच्या वाटेला लागल्या, म्हणजे तेथे पाणी आहे. दुसरा मुलगा म्हणेल, "घागर फुटकी असंल." त्यालाही तोच प्रश्न: कशावरून? फुटकी असती तर आई ती पुन्हा घेऊन निघाली असती का? पण थांबा, तिने पुन्हा घेतली असे कोठे लिहिले आहे? 'दुसरी' घागर उचलली एवढेच लिहिले आहे! बघा, चार ओळींवर वर्गात कसा वाद जुंपतो. आणि शेवटी विचारा, हा कोणता महिना असेल? वर्गातले एकही मूल पौष म्हणणार नाही.

हा "कशावरून?" म्हणजे आमच्या गुरुजींच्या हातातले मोठे हत्यार आहे. त्याला वीज लागत नाही, रेंज लागत नाही.

आणखी एक रीत सांगतो. १९८४ साली पॅलिंक्सर आणि ब्राउन यांनी अशीच मुले घेतली, ज्यांना वाचता येत होते पण समजत नव्हते. त्यांनी मुलांना आळीपाळीने गुरुजी व्हायला लावले. एक परिच्छेद सर्वांनी वाचायचा. ज्याची पाळी असेल त्याने त्यावर एक प्रश्न विचारायचा, थोडक्यात सार सांगायचे, जे अडले असेल ते मोकळेपणाने सांगून सोडवायचे, आणि पुढे काय येईल याचा अंदाज करायचा. मग पुढचा परिच्छेद, पुढचा गुरुजी. सुरुवातीला शिक्षकाने स्वतः करून दाखवायचे, हळूहळू दोर सैल सोडायचा. त्यांच्या मुलांत चांगलीच सुधारणा दिसली. ही रीत आमच्या मुलांना फार मानवते, कारण गुरुजी व्हायला कोणाला आवडत नाही? पहिले चार-सहा दिवस मुले फक्त छडी कशी धरायची तेवढेच करतात. तिकडे कानाडोळा करावा.

बोलीचा प्रश्न यातच येतो. खानदेशात घरी अहिराणी, मेळघाटात कोरकू, तांड्यावर गोरमाटी. पुस्तकातली मराठी या मुलांना अर्धी परकी. मघाच्या गुणाकारातली दुसरी बाजू ती हीच. अशा मुलाने उताऱ्याचे सार आपल्या बोलीत सांगितले तर ते पूर्ण धरावे. गुरुजींना ती बोली येत नसेल तर वर्गातले दुसरे मूल सांगेल की तो बरोबर बोलला का. समज आहे की नाही हे पाहायचे आहे, व्याकरणाचा तास निराळा आहे. आणि जी मुले अजून अक्षरांतच अडकली आहेत, त्यांना रोज दहा मिनिटे गोष्ट मोठ्याने वाचून दाखवावी आणि तेच प्रश्न तोंडी विचारावेत. अक्षर येईपर्यंत समजणे बाजूला ठेवायचे, हा हिशेब चुकीचा आहे. दोन्ही बाजू एकदम वाढायला हव्यात.

हल्ली आणखी एक नवल झाले आहे. मोबाईलमधल्या कृत्रिम बुद्धिमत्तेला उतारा दिला की ती चुटकीसरशी दहा प्रश्न काढून देते. वापरावी का? वापरावी, पण आंधळेपणाने नव्हे. सांगितल्याशिवाय ती बहुधा बोट ठेवून उत्तर सापडेल असेच प्रश्न काढते. तिला स्पष्ट सांगावे लागते, की ज्याचे उत्तर उताऱ्यात थेट नाही असे प्रश्न दे. मराठीत तिची वाक्ये कधी कधी इंग्रजीच्या वळणाची होतात, आणि माहिती तर ती ठोकूनही देते. म्हणून प्रत्येक ओळ वाचून मगच फळ्यावर लिहावी.

राहता राहिली साधनांची गोष्ट. शाळेत तीस मुले आणि मोबाईल एक, तोही गुरुजींचा. त्यातून वस्तीवर रेंज नाही. मग? तालुक्याला पगाराच्या किंवा बैठकीच्या कामाने जाल तेव्हा महिन्याभराच्या गोष्टी उतरवून घ्या. पीडीएफ एकदा उतरवली की इंटरनेट लागत नाही. लहान उतारा फळ्यावर लिहून काढा. मोठा असेल तर दोघांत एक याप्रमाणे झेरॉक्स काढा. तीस मुलांना पंधरा प्रती. खर्च निम्मा होतो, शिवाय दोन डोकी एका कागदावर वाकली की आपसांत बोलणे होते, आणि ते बोलणेच आपल्याला हवे आहे. कागद मुलांना त्यावर लिहू देऊ नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवा, पुढच्या वर्षी तोच कागद पुन्हा. दोन-तीन वर्षांत शाळेची एक चांगली पेटी भरते. शेजारच्या शाळेने दुसऱ्या गोष्टी काढल्या असतील तर केंद्राच्या बैठकीला पेट्यांची अदलाबदल करा.

आता थोडे आयाबापांशी. तुम्हाला वाटेल, हे सगळे गुरुजींचे काम. आम्हाला कुठे लिहायला-वाचायला येते? पण मी तर म्हणेन, ज्या आईला वाचता येत नाही तीच सर्वांत चांगली परीक्षक. शिकलेली आई पोराच्या खांद्यावरून पुस्तकात डोकावते आणि अर्धे स्वतःच सांगून टाकते. न शिकलेल्या आईला पोराने सगळेच सांगावे लागते. भाकऱ्या थापता थापता विचारा, "आज काय वाचलंस रे? सांग मला सगळं." तो घडाघडा पुस्तकातलीच वाक्ये म्हणू लागला तर थांबवा. म्हणा, "तसं नाही, तुझ्या शब्दांत सांग. मला कळेल असं." तो अडखळेल, चिडेलही. अडखळू द्या. मधेच विचारा, "मग पुढं काय झालं? ती अशी का वागली?" तेवढ्याने पुरते. आणि औषधाच्या बाटलीचा कागद, रेशनची पावती, एसटीचे वेळापत्रक त्याच्याकडून वाचून घ्या. नुसते वाचून नको, त्याचा अर्थ काढून घ्या.

शिक्षक मंडळी मला नेहमी विचारतात, आठवड्याला असे किती उतारे घ्यावेत? अभ्यासक्रम पुरा करायचा आहे, कागद भरायचे आहेत, माहिती पाठवायची आहे. माझे उत्तर ठरलेले आहे: एक. आठवड्याला एकच उतारा घ्या, पण त्याला दोन तास द्या. पहिल्या दिवशी वाचणे, अडलेले शब्द आणि "कशावरून". दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच उतारा, पण या वेळी गुरुजी मागे बसलेले आणि प्रश्न मुलांचे. येत्या सोमवारी सुरुवात करायची तर सखूच्या चार ओळी फळ्यावर लिहायला हरकत नाही. त्यांच्यावर माझा काही हक्क नाही. तोवर शनिवारच्या बाजाराला तालुक्याला जाणे होईलच, तेव्हा पहिल्या आणि तिसऱ्या पायरीच्या दोन-दोन गोष्टी मोबाईलमध्ये उतरवून आणा.